यलोनाइफला आई-बाबांना घेऊन नक्की कधी जावं?

कंदी_पेढा:
नमस्कार मंडळी. आम्ही कॅलगरीत राहतो, तीन वर्षं झाली. पुढच्या वर्षी साताऱ्याहून माझे आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येतायत आणि आईची एकच इच्छा आहे, आकाशातले ते हिरवे दिवे बघायचे. तिनं मोबाईलवर कुठेतरी व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून दर फोनला तेच, "ते दिवे तुमच्या गावातनं दिसतात का गं?" कॅलगरीतनं कधीमधी दिसतात पण भरवसा नाही, म्हणून उत्तर कॅनडातल्या यलोनाइफला जायचं ठरवलंय.

प्रश्न असा की कधी. नवऱ्याचं म्हणणं डिसेंबर, कारण ख्रिसमसची सुट्टी आम्हा दोघांनाही मिळते आणि थंडी जितकी जास्त तितके दिवे चांगले दिसतात असं त्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलंय. मला मात्र धास्ती वाटते. बाबा ७१ चे आहेत, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये, आता तब्येत छान आहे, रोज सकाळी साताऱ्यातल्या चार भिंती टेकडीपर्यंत चालून येतात, पण साताऱ्याची थंडी म्हणजे स्वेटर आणि कानटोपीची थंडी, मायनस ३० म्हणजे काय ते नुसतं सांगून त्यांना कळणार नाही. आईचे गुडघे दुखतात. मुलगा ८ वर्षांचा आहे. व्हिसा आलाय, तिकीट अजून काढलेलं नाही, म्हणजे ते भारतातनं कधी निघणार हेच या ट्रिपवर ठरणार. जे जाऊन आलेत किंवा तिथे राहिलेत त्यांनी प्लीज मोकळेपणानं सांगा. रजा चार दिवसांच्या वर मिळणार नाही.

संधिप्रकाश:
ताई, मी यलोनाइफमध्ये ६ वर्षं नोकरीला होतो, आता एडमंटनला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी नवऱ्याला सांगा की थंडीचा आणि अरोराचा, म्हणजे त्या हिरव्या दिव्यांचा, काहीही संबंध नाही. सूर्याकडून येणारे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून ध्रुवांकडच्या हवेत शिरतात आणि जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वर तो उजेड तयार होतो, खाली मायनस ३५ आहे की प्लस ५ याचं त्याला काही देणंघेणं नाही. यलोनाइफ ज्या पट्ट्याखाली येतं तिथे हे बारा महिने चालू असतं. आपल्याला दिसायला दोनच गोष्टी लागतात, काळोख आणि ढग नसलेलं आकाश. बाकी सगळं गणित यावरनं मांडायचं.

काळोख म्हणाल तर मे ते जुलै विसरा. २१ जूनच्या सुमारास सूर्य रात्री साडेअकरानंतर मावळतो आणि पहाटे पावणेचारच्या आत परत वर येतो, मधल्या वेळात बाल्कनीत बसून पेपर वाचता येईल इतका उजेड असतो. ऑगस्टच्या मध्यापासून रात्र परत यायला लागते आणि तिथनं अरोराचा पहिला सीझन सुरू होतो, सप्टेंबर संपेपर्यंत.

आता ढग. हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं आणि इथेच पैसे वाया जातात. गाव ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठावर आहे, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात खोल तलाव, ६१४ मीटर. ऑक्टोबरमध्ये हवा गार झालेली असते पण एवढं पाणी एवढ्या लवकर कुठनं गार व्हायला, त्यातनं वाफ उठत राहते आणि गावावर ढगांचं झाकण बसतं ते तलाव गोठेपर्यंत. ऑक्टोबर आणि निम्मा नोव्हेंबर म्हणजे आठवडाच्या आठवडा तारा दिसत नाही असं मी स्वतः अनुभवलंय. एकदा बर्फ धरला की वाफ बंद आणि मग हळूहळू आकाश मोकळं होत जातं.

डिसेंबर-जानेवारीत रात्र लांबच लांब, २१ डिसेंबरला दिवस जेमतेम पाच तासांचा, सकाळी दहाला उजाडतं आणि तीनला अंधारायला लागतं. अरोरासाठी ठीक, पण तुमचे आई-बाबा दिवसा करणार काय? जानेवारीत रात्री सरासरीच मायनस ३० च्या आसपास असते, आणि सरासरी म्हणजे त्याच्याही खाली जाणाऱ्या रात्री बऱ्याच. मार्चमध्ये दिवसा मायनस १०, रात्री मायनस २०-२२, दिवस बारा तासांचा, लख्ख ऊन, आकाश वर्षातलं सगळ्यात कोरडं आणि स्वच्छ असतं त्या दिवसांपैकी, आणि बर्फाची सगळी मजा अजून शाबूत. मला विचाराल तर मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा दुसऱ्या नंबरवर, तो का ते वेळ मिळाला की लिहितो.

रानवाटा:
वरच्या ऑक्टोबरच्या मुद्द्याला अनुमोदन. आम्ही भोगलंय. दिवाळीला जोडून सुट्टी टाकली आणि ऑक्टोबरच्या शेवटी तीन रात्रींचं पॅकेज घेतलं, स्वस्त पडत होतं म्हणून. ते स्वस्त का आहे हे ज्यांनी विकलं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिन्ही रात्री साडेनऊला बसमध्ये, दोन वाजता परत, मधला सगळा वेळ तंबूत शेगडीभोवती बसून वर राखाडी छत. धाकटी तिसऱ्या रात्री झोपेतच म्हणाली, "दिवे आले का?" ते अजून लक्षात आहे. परत जायचंय तिला घेऊन, या वेळी मार्चमध्येच.

मिरजकर_डॉक्टर:
मी फिजिशियन आहे, पण इथे जे लिहितोय ते त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टच्या सल्ल्याला पर्याय म्हणून नाही, तो आधी घ्याच, आणि विचारताना "थंड प्रदेशात जातोय" एवढंच मोघम न सांगता "मायनस २५ मध्ये रात्री तीन-चार तास" असं स्पष्ट सांगा, कारण आपल्याकडच्या डॉक्टरांच्या डोळ्यासमोर थंड प्रदेश म्हणजे मनाली येतं.

कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. नुसतं उभं राहणं वेगळं आणि जाड कपडे-बूट घालून भुसभुशीत बर्फातनं चढ चढणं वेगळं. बाबांना चालायची सवय आहे ही चांगली गोष्ट, पण तीच सवय तिथे घात करू शकते, "मला काय होतंय" म्हणून ते पुढे निघतील, त्यांना अडवा. नाका-तोंडावर मफलर हवा, म्हणजे हवा थोडी कोमट होऊन आत जाईल. सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी) किंवा जे काही त्यांना दिलेलं असेल ते बॅगेत नको, आतल्या खिशात अंगाला लागून. कुणी इन्शुलिन घेत असेल तर तेही तसंच, गोठलेलं इन्शुलिन फेकून द्यायचं, परत वितळवून वापरायचं नाही. पोटभर खाऊन लगेच बाहेर पडू नका. आणि एक, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना अँजिओप्लास्टी लिहाच. जुना आजार किती महिने स्थिर असला पाहिजे, औषधं मध्ये बदलली तर चालतं का, याची अट प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते, ती ओळ वाचून घ्या.

मायनस २० आणि मायनस ३५ यात म्हाताऱ्या माणसासाठी पुष्कळ फरक आहे. माझं मत मार्च किंवा सप्टेंबर.

दवबिंदू:
मी जरा वेगळं बोलते. आम्ही दोघं जानेवारीत गेलो होतो, मायनस ३८ होतं, आणि माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर ट्रिप आहे. मायनस ३८ ची शांतता वेगळीच असते हो. पायाखालचा बर्फ ओल्या रांगोळीवर चालल्यासारखा करकरतो, आणि आपण थांबलो की कशाचाच आवाज नाही. पापण्या एकमेकींना चिकटतात, पहिल्यांदा घाबरायला होतं, मग मिटून धरल्या की आपोआप सुटतात. गाड्यांच्या बॉनेटमधनं वायरी लोंबत असतात, पार्किंगमध्ये प्रत्येक गाडी खांबाला प्लगनं जोडलेली, नाहीतर सकाळी इंजिन चालूच होत नाही. आणि रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात म्हणून पहिली पाच मिनिटं गाडी धडधड करत चालते, मला वाटलं पंक्चर. हे सगळं मार्चमध्ये इतकं नाही मिळणार.

पण हो, आम्ही तिशीतले होतो. माझ्या सासऱ्यांना मी जानेवारीत नेलं नसतं. तेव्हा तुमच्यासाठी माझंही मार्चलाच मत, फक्त तुम्ही दोघंच कधी जाणार असाल तर जानेवारीला घाबरू नका.

कंदी_पेढा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एका दिवसात इतकं सगळं! नवऱ्याला संधिप्रकाश यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला बरं झालं विचारलंस. डिसेंबर बाद.

आता सप्टेंबर की मार्च. आईला फोनवर विचारलं तर ती एकदम म्हणाली, "गौरी आल्या की मी घर सोडून कशी येऊ?" आमच्याकडे गौरी-गणपती दोन्ही असतात, आणि आईच्या मोठ्या जाऊबाई आता करायला नाहीत, सगळं आईवरच आहे. गणपती कधी ऑगस्टअखेर कधी सप्टेंबरमध्ये, म्हणजे ते उरकून निघायचं तर सप्टेंबर हातातनं गेल्यासारखाच. तरीपण सप्टेंबरबद्दल लिहा, गौरींचं काही जमलं तर. आणि मार्चमध्ये कपडे नक्की काय काय घ्यायचे? आई साडीच नेसते, पंजाबी ड्रेससुद्धा फक्त प्रवासात.

रानवाटा:
काकूंना सांगा, थर्मल घालून वर साडी आणि त्यावर जॅकेट हा प्रयोग नको. साडी बर्फात खालनं भिजते आणि कडक होते. हॉटेलात नेसू देत की.

संधिप्रकाश:
सप्टेंबरचं राहिलं होतं ते आधी.

पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिवसा १२-१३ डिग्री, रात्री पाचच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीच्या जवळपास, तुमच्या बाबांना घरचीच वाटेल. बर्च आणि अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात. गावाबाहेर इनग्राहम ट्रेल म्हणून साधारण ७० किलोमीटरचा रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना तळीच तळी, आणि पाणी अजून गोठलेलं नसतं त्यामुळे वरचा हिरवा पट्टा खाली पाण्यातही हलताना दिसतो. हे हिवाळ्यात कधीच दिसत नाही. डास-चिलटं जून-जुलैत जीव खातात, ती सप्टेंबरपर्यंत बरीचशी संपलेली असतात. ढगांचा धोका मात्र मार्चपेक्षा जास्त. आणि उन्हाळ्याच्या शेवटाला वणव्याचा विचार करायलाच हवा. १६ ऑगस्ट २०२३ ला अख्खं यलोनाइफ रिकामं करायचा हुकूम निघाला, वीसेक हजार वस्तीचं गाव, विमानांनी आणि एका हायवेनं सगळे बाहेर, आणि परत यायची परवानगी ६ सप्टेंबरला. माझे मित्र होते त्यात, एकाच्या गाडीत मांजर, आजी आणि शिलाई मशीन होतं. दरवर्षी असं होत नाही, पण धूर येतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरचं बुकिंग करायचं तर रद्द करता येईल असंच करा.

आता मार्च. कपडे विकत घेऊ नका! पार्का (टोपीचं जाड जॅकेट), जाड बूट, मिटन्स सगळं तिथे भाड्यानं मिळतं, टूरवाले हॉटेलवर आणून देतात, फक्त बूट घालून बघा आणि एक साइज मोठा घ्या, आत बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात पाय लवकर गार पडतात. बोटांचे ग्लव्हज नकोत, मिटन्स, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे. तुम्ही घरनं आणायचं ते आतलं: अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा साधा लोकरी स्वेटर. सुती बनियन आणि सुती मोजे अजिबात नको, घाम आला की ओले राहतात आणि मग थंडी आतनं लागते. बाबांना हे पटणार नाही, माझ्या वडिलांनाही पटलं नव्हतं, पण ऐकवा. चष्मा असेल तर मफलर नाकाखाली नीट दाबून बांधा नाहीतर श्वासानं काचेवर बर्फ धरतो. ओठाला-नाकाला व्हॅसलिन, हवा इतकी कोरडी असते की आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी अर्ध्यांचा पहिल्या दोन दिवसांत घोळणा फुटायचा. फोनची बॅटरी गारठ्यात बघता बघता झोपते, आतल्या खिशात ठेवा.

आईंच्या गुडघ्यांसाठी: अरोरा बघायला उघड्यावर तासन्‌तास उभं राहायची गरज नाही. गरम केबिन किंवा शेगडीचा तंबू असलेलीच जागा निवडा, दिवे आले की लोक हाक मारतात, मग बाहेर या, दहा मिनिटं बघा, परत आत. आणि एका रात्रीवर भरवसा ठेवू नका, तीन रात्री धरा. चार दिवसांत तीन रात्री बसतात, म्हणजे तुमची रजा बरोबर पुरते.

दिवसाचं सांगतो. मार्चमध्ये गोठलेल्या तलावावर स्नोकिंग महोत्सवाचा बर्फाचा किल्ला असतो, खरोखरचा किल्ला, आत खोल्या, बर्फाच्या लाद्यांच्या खिडक्या ज्यातनं निळा उजेड येतो, मुलांसाठी घसरगुंडी. तुमच्या मुलाला तिथनं बाहेर काढणं अवघड जाईल. दर वर्षीच्या तारखा बघून घ्या, महिनाअखेरीला ऊन वाढलं की तो बंद करतात. मग डेटाहचा आइस रोड: समोरच्या काठावर डेटाह म्हणून डेने या मूळ रहिवाशांची वस्ती आहे, जमिनीवरनं वळसा घालून २७ किलोमीटर, पण हिवाळ्यात तलावावरनं सरळ साडेसहा. गोठलेल्या पाण्यावरनं गाडी जाते. मी माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो, ते निम्म्यात म्हणाले "थांबव", खाली उतरले, वाऱ्यानं बर्फ उडून गेला होता तिथे वाकून बघत राहिले. खाली काळा, काचेसारखा बर्फ आणि त्यात पांढऱ्या भेगा कितीतरी खोल गेलेल्या. बर्फ मीटरभर जाड असतो तेव्हा, मोठमोठे ट्रकही जातात, तरी ते म्हणाले की आपल्या गावात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आवर्जून बघा, मूस या मोठ्या हरणाच्या कातड्यांची बांधलेली मोठी नाव आहे तिथे, आणि बसायला भरपूर जागा. पायलट्स मॉन्युमेंटला खूप पायऱ्या आहेत, आईंना खाली थांबवा, खालनं तलावातली रंगीत हाउसबोटींची वस्ती छान दिसते, तीही बर्फात रुतून बसलेली असते.

कॅलगरीहून गाडीनं जायचा विचारही करू नका, १७०० किलोमीटरच्या वर आहे आणि वाटेत रस्त्यावर रानगव्यांसारखे बायसन उभे असतात. विमान अडीच तासांच्या आत पोचवतं.

देवगड_हापूस:
खाण्याचं कुणी लिहिलं नाही. मासे खाणारे असाल तर तिथला तलावातला व्हाइटफिश जरूर खा, ताजा आणि गोडा. शाकाहारी असाल तर मायक्रोवेव्ह असलेली खोली बघा आणि थालीपिठं, दशम्या, मेतकूट, भडंग घेऊन जा. रात्री दोनला परत आल्यावर मरणाची भूक लागते आणि तेव्हा गावात काही मिळत नाही.

मिरजकर_डॉक्टर:
थर्मासमध्ये गरम पाणी किंवा सूप. थंडीत तहान कळत नाही पण अंगातलं पाणी कमी होतं.

आकाशनिरीक्षक:
अजून एक मुद्दा, चंद्राचा. हलका अरोरा असेल तर पौर्णिमेच्या उजेडात तो फिका पडतो, अंधाऱ्या रात्री तोच छान दिसतो. जोरदार असेल तर चंद्र असूनही दिसतो, आणि चांदण्यात बर्फ उजळून निघतो म्हणून फोटोवाले उलट चंद्र मागतात, पण तुमच्या आईंना डोळ्यांनी बघायचंय. तेव्हा कालनिर्णय काढा आणि फाल्गुनातली अमावस्या बघा. पाडवा म्हणजे अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याच्या आसपासच्या रात्री चंद्राचा अडथळा नाहीच जवळजवळ. शिवाय मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास चुंबकीय वादळं जास्त होतात, ते जुन्या नोंदींतनं दिसलेलं आहे, सप्टेंबरच्या विषुवदिनालाही तसंच. तारीख मार्चमध्ये बसत असेल तर याहून चांगला आठवडा सापडणार नाही.

कंदी_पेढा:
आकाशनिरीक्षक, तुमचा प्रतिसाद वाचून कालनिर्णय उघडलं. मुलाची स्प्रिंग ब्रेक आणि पाडवा अगदी लागूनच येतायत! नवऱ्यानं रजेचा अर्ज टाकला सुद्धा. बाबा कार्डिऑलॉजिस्टकडे शनिवारी जातील, मायनस २५ आणि तीन तास असं चिठ्ठीवर लिहून दिलंय. ते "हो" म्हणाले की मगच बुकिंग.

आईला सांगितलं की अमावस्येला निघू म्हणजे पहिल्या रात्रीपासून काळोख मिळेल, तर ती म्हणाली अमावस्येला घरातनं निघायचं नाही. मग आता असं ठरलंय की पाडव्याला सकाळी कॅलगरीत गुढी उभारायची, नैवेद्य दाखवायचा, दुपारी गुढी उतरवून संध्याकाळची फ्लाइट. तिनं आत्तापासून साखरेच्या गाठी बॅगेत ठेवायच्या यादीत लिहिल्यात. संधिप्रकाश, एक शेवटचं, विमानतळावरनं हॉटेलपर्यंत जाताना अंगावर काय घालायचं, भाड्याचे कपडे तर हॉटेलवर मिळणार ना?

संधिप्रकाश:
विमानतळ गावाला लागूनच आहे, टॅक्सीनं दहा मिनिटं. तुमचे कॅलगरीचे हिवाळी जॅकेट-बूट असतील ते पुरतात, आई-बाबांसाठी मात्र तुमच्याकडचे जादा असतील ते चढवूनच विमानातनं उतरवा, बाहेर येऊन घालू असं नको. आणि टॅक्सीत बसलात की आईंना खिडकीशी बसवा. आम्हाला कितीतरी वेळा त्या दहा मिनिटांतच पहिला दिसलाय.